ओझं डोक्यावर घेऊन वाट शोधणाऱ्या रुक्माक्का

रुक्मिणीबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती अण्णा नगरातल्या एका कल्याणमंडपात, जेवणाच्या पंगतीत. चेन्नईतल्या आम्हा तंजावरी मराठी मंडळींचं रामनवमीचं जेवण होतं. माझ्या शेजारच्या पानावर एक उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. नाव विचारून झालं, गाव विचारून झालं, आणि आपल्याकडे होतं तसं बोलणं मूळपुरुषावर आलं. मी नेहमीचं सांगून टाकलं, "आमचे पूर्वज महाराष्ट्रातून राजांबरोबर तंजावरला आले."

बाईंनी सांबार वाढणाऱ्याला हातानेच थांबवलं आणि मला विचारलं, "कुठल्या रस्त्याने आले?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या घाटाने उतरले? नद्या कुठे ओलांडल्या? बैलांना पाणी कुठे पाजलं?"

"ते काय की अक्का," मी म्हणालो, "आले एवढं खरं."

"आले एवढं अस्की लोकांना माहीत आहे." आमच्या बोलीत 'अस्की' म्हणजे सगळे. "रस्ता मात्र एकालाही सांगता येत नाही. आपण काय आभाळातून पडलो काय वो?"

पायसम वाढलं गेलं, पानावर पसरलं, केळीच्या पानाच्या कडेने ओघळून गेलं, तरी मी विचारच करत होतो. आजवर हजारदा म्हटलेल्या वाक्यात एवढं मोठं भोक आहे हे मला साठी जवळ आल्यावर कळलं, आणि तेही जेवता जेवता.

आज रुक्मिणीबाई, आम्हा सगळ्यांच्या रुक्माक्का, पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले. अक्कांच्या कामावर लिहायला शिकलेली माणसं पुष्कळ आहेत. माझी शाळा लहानपणीच सुटली. मी छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस. जे काही वाचलं ते खिळ्यांवर, उलट्या अक्षरांत वाचलं. संपादक म्हणाले, "नारायणराव, विद्वानांनी अक्कांचं लिहिलेलं वाचलं आहे. तुम्ही त्यांच्याबरोबर चालला आहात." यावर नाही कसं म्हणणार? तेव्हा जसं आठवतंय तसं सांगतो, मागे-पुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

अक्कांनी आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, देवळात जातात. अक्का बसथांब्यावर जाऊ लागल्या. मिळेल ती बस धरायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथून जुनी वाट कुठे जात होती ते विचारायचं. कंडक्टरांना त्यांनी फार छळलं आहे. "या थांब्याला चावडी का म्हणतात? इथे चावडी कुठे आहे?" असं विचारून त्यांनी एकदा भरलेली बस थांबवून धरली होती. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, मी तिकीट फाडतो, गावांना नावं ठेवत नाही." अक्कांना ते इतकं आवडलं की पुढच्या फेरीला त्या मुद्दाम त्याच्याच बसने गेल्या.

याच सुमारास छापखान्यांत कॉम्प्युटर आले. आमचे खिळे वितळवायला गेले आणि मी रिकामा झालो. रिकामा माणूस घरात कसा वावरतो ते त्याच्या बायकोला विचारावं. अक्कांना हे कळलं. घरी येऊन त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, "यांना रविवारी मी घेऊन जाऊ का?" पत्नी म्हणाली, "रविवारीच कशाला अक्का, सोमवारीही न्या." तेव्हापासून मी अक्कांचा शिष्य.

पहिला रविवार कोवलमला गेला. होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, मासळीचा बाजार ऐन भरात होता. अक्का शाकाहारी, मी शाकाहारी, आणि आम्ही दोघं टोपल्यांमधून फिरतोय. एका मासेवालीसमोर अक्का उकिडव्या बसल्या आणि विचारू लागल्या, की इथल्या मिठागरांतलं मीठ पूर्वी कुठे जायचं? ती बाई आधी ऐकून घेत होती. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पाट्टी," म्हणजे आजी, "मासे घेणार की नुसतं विचारणार?"

"मासे खात नाही ग मी."

"मग उठा. मागचं गिऱ्हाईक तरी खाणारं असेल." सगळा बाजार हसला. अक्काही हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. शेवटी त्या बाईलाच दया आली असावी. "माझ्या सासूची आजी सांगायची, मीठ गाढवांवर लादून वर जायचं."

"वर म्हणजे कुठे?"

तिने मासळी कापायच्या कोयत्याने पश्चिमेकडे दाखवलं. "वर म्हणजे वर!"

परतीला आम्ही बस धरली. महाबलीपुरमकडून आलेली ती गच्च बस, एका दांड्याला धरून आम्ही उभे, आणि अक्का मधेच म्हणाल्या, "डोंगरात मीठ पिकत नाही, नारायणराव. तिथल्या माणसांनी जेवण अळणी खाल्लं असेल का? नाही ना? मग मीठ वर गेलं. गेलं तर वाटेने गेलं. ती वाट कुठे आहे?"

या एका प्रश्नाने पुढची वर्षं खाल्ली. तो प्रश्न आम्हाला जवादीच्या डोंगरांत घेऊन गेला. चेन्नईहून सकाळी कोयंबेडूला बस धरायची, पोळूरला बदलायची, आणि पायथ्याच्या गावी उतरायचं. डोंगराच्या माथ्यावर नेल्लिपट्टी नावाचं गाव. माथ्यावरची माणसं नाचणी आणि वरी पिकवतात, चिंच, मध, आवळा खाली आणून विकतात. आपले पूर्वज कांचीकडून वर आले, येताना देव पाठीवर बांधून आणला, असं ती सांगतात. कुठल्या रस्त्याने आले, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. अक्कांचा चेहरा तेव्हा उजळलेला मी पाहिला. "बघा, आपल्यासारखेच!" त्या म्हणाल्या.

आता आमची चूक सांगतो, कारण अक्का ती प्रत्येक व्याख्यानात स्वतःच आधी सांगतात. आम्ही दोघं कावेरीच्या सपाट मुलखातली माणसं. आमच्याकडे कुठेही जायचं तर कालव्याच्या बांधावरून जायचं. शाळा, देऊळ, सासर, सगळं बांधाबांधाने. पाणी जातं तिकडे रस्ता जातो, हे आमच्या पायांत भिनलेलं. तेव्हा डोंगरात शिरताच आम्ही काय केलं? ओढा धरला. पावसाळा सरल्यापासून ऊन तापेपर्यंत आम्ही त्या ओढ्याच्या काठाने वर-खाली केलं. दगडांवरून घसरलो, घाणेरीच्या जाळ्यांत धोतर फाडून घेतलं. जुन्या रस्त्याची एक फरशी मिळेना, एक पायरी मिळेना.

त्या ओढ्यातच आम्हाला कुप्पम्मा भेटली. नेल्लिपट्टीची बाई, डोक्यावर चिंचेचं गाठोडं, अनवाणी, आणि आमच्याकडे बघून हसू दाबत होती. अक्कांनी तिच्याशी तमिळमध्ये बोलणं काढलं. थोडा वेळ बसली. हसरी बाई, पण बोलता बोलता तिने आपलं दुःख सांगितलं. गावाला खाली उतरायला ही ओढ्यातलीच वाट. पावसात ओढा भरला की गाव तुटतं. तिची थोरली मुलगी बाळंतपणाला अडली, तेव्हा तिला झोळीत घालून गावच्या माणसांनी उचललं. ओढ्याला पाणी आलेलं. काठावर थांबले, पाणी उतरायची वाट बघत राहिले. पाणी उतरेपर्यंत मुलगी राहिली नाही. आता धाकटीचं लग्न ठरत होतं, मुलगा गावातलाच.

"धाकटीलाही याच ओढ्यातून न्यायचं का मी?" कुप्पम्माने विचारलं.

गावाने रस्त्यासाठी अर्ज केला होता. वनखात्याकडून उत्तर आलं होतं, की राखीव जंगलातून नवा रस्ता काढता येणार नाही. पूर्वापार रस्ता असेल तर तो मोकळा करायला हरकत नाही, पण असा रस्ता कुठे आहे तो दाखवा. दाखवणार कोण? गावातल्या म्हाताऱ्यांच्याही आठवणीत ओढाच होता.

त्या दिवसापासून आमचा शोध हौसेचा राहिला नाही. अक्का घरी येताना एवढंच म्हणाल्या, "आतापर्यंत मिठासाठी शोधत होतो. आता या पोरीसाठी शोधायचं." मी त्यांना आधी आणि नंतरही कामात पाहिलं आहे. पण त्या वर्षी त्यांनी डोळ्यांत तेल घालून जे पाहिलं, ते दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं.

झालं असं. नेल्लिपट्टीच्या देवाचा उत्सव होता, कुप्पम्माने आम्हाला बोलावलं होतं. देवाची पालखी गावातून फिरली आणि मग गावाच्या एका कडेला, एका सपाट खडकावर नेऊन ठेवली. पुजाऱ्याने देवाचं तोंड खाली मैदानाकडे केलं, खडकावर मूठभर मीठ टाकलं, आणि पालखी परत फिरली. मी वाजंत्री ऐकत होतो. अक्का मात्र त्या खडकापाशीच उभ्या. कुप्पम्माला हाताला धरून त्यांनी विचारलं, "देवाला इथे का आणता?"

"ही त्याची वेस. दर वर्षी आणतो."

"पण तुमची वाट तर तिकडे, ओढ्याच्या बाजूला आहे. वेस इकडे कशी?"

"देव त्याच्या वाटेने आला, टीचरम्मा. आम्ही आमच्या वाटेने उतरतो."

म्हणताना कुप्पम्मालाही ते नेहमीचंच वाटलं असणार. म्हणून झाल्यावर ती एकदम थांबली. मग अक्कांनी वळून खाली पाहिलं. खडकाच्या पलीकडून डोंगराची एक धार सुटली होती, गाईच्या पाठीसारखी, हळूहळू उतरत मैदानात गेलेली, पार घाणेरीने झाकलेली. पाण्यापासून लांब. आम्ही कालव्याकाठची माणसं, धारेकडे मान वर करून बघण्याचं आमच्या मनातही आलं नव्हतं. डोंगरात पाणी वाट खाऊन टाकतं. शहाणा माणूस धारेने चढतो.

इथे अक्कांची काम करण्याची रीत सांगायला हवी, कारण ती मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. अक्का वाट शोधायला निघाल्या की डोक्यावर ओझं घेतात. जुन्या लुगड्याची चुंबळ, तिच्यावर नाचणीचं एक लहान बोचकं. सत्तरी आलेली बाई अशी चालताना पाहून लोक मला रागे भरायचे, "काय हो, म्हातारीला हमाल केलंत?" अक्का म्हणायच्या, "रिकामा माणूस कुठूनही चढतो. त्याला वाट कळत नाही. ओझं असलं की पाय आपोआप सोपा चढ शोधतात. आणि मान जिथे थांब म्हणते, तिथे पूर्वीच्यांचीही मान थांब म्हणाली असणार. तिथे शोधायचं."

आणि शोधायचं काय, तर सुमैतांगी. सुमै म्हणजे ओझं, तांगी म्हणजे ते पेलणारा. दोन दगड उभे, त्यांच्यावर एक आडवा, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीचे. डोक्यावरचं ओझं एकट्याला जमिनीवर उतरवता येत नाही, उतरवलं तर परत चढवता येत नाही. म्हणून उभ्याउभ्याच त्या आडव्या दगडावर सरकवायचं, दम घ्यायचा, परत डोक्यावर ओढून घ्यायचं. तमिळ मुलखात जुन्या रस्त्यांवर असे दगड अजून दिसतात.

पहिला आम्हाला पायथ्याजवळ मिळाला, एका चिंचेखाली. कुप्पम्मा बरोबर होती. तिने दगडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे कोणासाठी घालतात ठाऊक आहे ना, टीचरम्मा? पोटात बाळ असताना बाई गेली की तिच्या नावाने घालतात. तिचं ओझं उतरायचं राहिलं. निदान वाटेवरच्यांचं उतरावं."

"तुझ्या मुलीचा कुठे आहे?" अक्कांनी विचारलं.

"ओढ्यात दगड कुठे उभा राहतो?" कुप्पम्मा म्हणाली. "पहिल्या पावसात जाईल."

मी तोंड दुसरीकडे फिरवलं. अक्कांनी बोचकं परत डोक्यावर घेतलं आणि चढायला लागल्या.

त्या धारेवर आम्हाला खालच्या बाजूला काही सुमैतांगी मिळाल्या, माथ्याजवळही मिळाल्या. माथ्याच्या थोडं खाली, दोन टेकड्यांमधल्या खांद्यावर, अक्कांना जुनं गाव सापडलं. गोल घरांच्या पायांचे दगड, खडकात कोरल्यासारखी झालेली उखळं, मळणीचं खळं. नेल्लिपट्टीची माणसं वर जाण्याआधी इथे राहिली असावीत. मी अधीर होऊन विचारलं, "अक्का, किती जुनं असेल?" त्या एका उखळात बोटं घालून त्याचा गुळगुळीतपणा बघत होत्या. म्हणाल्या, "ठाऊक नाही. पुष्कळ बायकांनी पुष्कळ दिवस कांडलं, एवढं कळतंय." अक्कांच्या लेखनात 'ठाऊक नाही' हे शब्द फार येतात. छापखान्यात मी मोठमोठ्यांची पुस्तकं जुळवली, त्यांत हे दोन शब्द जुळवायची पाळी क्वचितच आली.

याच गोष्टीवरून आमच्या मंडळात एकदा वाद झाला होता. अक्कांनी या वाटेवर व्याख्यान दिलं. शेवटी आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ उठले. "अक्का, जिंजीचा किल्ला त्या बाजूला जवळच. आपल्या मराठ्यांच्या फौजा याच वाटेने गेल्या असणार. तसं लिहा ना! आपल्या पोरांना तमिळ येतं, इंग्रजी येतं, मराठी येत नाही. निदान आपला एक रस्ता आहे म्हणून अभिमान तरी वाटेल." टाळ्या पडल्या. खरं सांगतो, मीही वाजवली. अक्का टाळ्या संपेपर्यंत थांबल्या.

"त्या धारेवर घोड्यांना पाणी नाही, अण्णा. एवढी मोठी फौज तिथून कशी न्याल? मला तिथे मीठ दिसलं, चिंच दिसली, डोक्यावर ओझं घेतलेल्या बायका दिसल्या. घोडा दिसला नाही. दिसला तर पहिलं तुम्हालाच सांगेन."

अण्णा रागावून चहालाही थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी अक्का त्यांच्या घरी गेल्या, त्यांच्या आजोबांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी तासभर ऐकून घेतल्या. मत मात्र तसूभर बदललं नाही. या ग्रंथासाठी सगळ्यात जास्त धावपळ अण्णांनीच केली आहे, हे वाचकांना सांगायलाच हवं.

आता त्या धारेवर परत येतो. गावाने नवा अर्ज केला आणि वनखात्याचे अधिकारी स्वतः पाहायला आले. तरुण, कडक इस्त्रीचे, पण मनाने सरळ गृहस्थ. खालचे दगड पाहिले, जुनं गाव पाहिलं, वरचे दगड पाहिले. मग म्हणाले, "अम्मा, हे दगड खरे आहेत. पण मधल्या एवढ्या मोठ्या चढावर काहीच नाही. खालचे दगड खालच्या गावाचे असतील, वरचे वरच्यांचे. वाट एकच होती हे मी कशावरून लिहू?"

मला वाटलं अक्का वाद घालतील. अक्का म्हणाल्या, "तुमची शंका बरोबर आहे." कुप्पम्माचा चेहरा उतरला. धाकटीचं लग्न तोवर होऊन गेलं होतं आणि तिला दिवस राहिले होते. साहेबांनी खाली जाऊन 'रस्ता नव्हता' असं लिहिलं की पुढचा पाऊस परत ओढ्यात जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

अक्का पुढे म्हणाल्या, "मग आपण आत्ताच शोधू या. तुम्ही एवढं एक गाठोडं घ्याल का डोक्यावर?"

जीपचा ड्रायव्हर धावत आला, "मी घेतो अम्मा, मी घेतो."

"ड्रायव्हरांनी नाही. शंका साहेबांची आहे."

साहेबांनी टोपी काढून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि मान पुढे केली. कुप्पम्माने आपली चुंबळ त्यांच्या डोक्यावर ठेवली, तिच्यावर नाचणीचं गाठोडं चढवलं. खालच्या शेवटच्या सुमैतांगीपासून आमची वरात निघाली. पुढे कोयतेवाले घाणेरी तोडताहेत, मागे साहेब, मागे अक्का, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत मी.

पहिल्याच वळणावर साहेब थांबले. "इथे," ते म्हणाले, "इथे असेल."

कुप्पम्माने खाली पाहिलं. "साहेब, इथून खालच्या गावातली कोंबडी दिसतेय. इथे आमची म्हातारी आजीसुद्धा थांबली नसती."

ड्रायव्हर हसला, मग आपण हसलो म्हणून घाबरला. पण साहेबच हसू लागले आणि गाठोडं सावरून पुढे निघाले. नंतर चढ असा आला की कोणालाच हसू येईना. धार अरुंद झाली, दोन्ही बाजूंना दरी. साहेबांच्या मानेची शीर टरारली. चढ संपून पाच-दहा पावलांची सपाटी लागली, आणि ते थांबले. या वेळी ते 'इथे' म्हणाले नाहीत. एक हात गाठोड्याला, दुसरा हात बाजूला चाचपडतोय, खांद्याच्या उंचीला, काहीतरी टेकायला मिळावं म्हणून.

"ठेवायला काही नाही का इथे?" ते म्हणाले.

"तेच तर बघायचंय," अक्का म्हणाल्या. "हात जिकडे जातोय तिकडेच तोडा रे."

घाणेरी तोडली. वारूळ निघालं. आणखी तोडली. नुसती माती. अक्का एका दगडावर बसल्या होत्या, आणि प्रथमच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या. मग कुप्पम्माने एकाच्या हातातला कोयता हिसकून घेतला आणि जाळीच्या मुळाशी घातला. खण्ण आवाज आला. एक उभा दगड. त्याच्या पलीकडे दुसरा. आडवा दगड उतारावर घसरून मातीत अर्धा गाडला गेला होता. साहेब त्या उभ्या दगडाला पाठ लावून उभे राहिले, डोक्यावर गाठोडं तसंच. दगड त्यांच्या खांद्याला लागला. त्यांनी मान तिरकी करून गाठोडं दगडावर सरकवलं आणि मोठा श्वास सोडला.

"वाट एकच आहे, अम्मा," ते म्हणाले. "लिहितो मी."

पुढचं थोडक्यात. परवानगी आली. नेल्लिपट्टीच्या माणसांनी ती धार स्वतःच्या हातांनी मोकळी केली. डांबर नाही, काही नाही, पण कोरड्यात जीप वर जाते, आणि ऐन पावसातही झोळी उचलणाऱ्यांना ओढा ओलांडावा लागत नाही.

अक्कांच्या मायेबद्दल लिहायचं राहून जाईल म्हणून इथेच लिहितो. माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा अक्का मला भेटायला येत. डोळा कसा आहे असं त्यांनी विचारलं नाही, ते सगळेच विचारत होते. पट्टी बांधलेल्या मला त्या, घरून निघाल्यापासून वाटेत काय काय लागलं ते सांगत. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याने गाडी सावलीला सरकवली, पंपापाशी बायकांची घागरींवरून जुंपली, देवळापुढच्या फुलवालीकडे आज मोगरा कमी आहे. ऐकता ऐकता मी त्या रस्त्याने चालून यायचो. पट्टी सुटली तेव्हा जग मला जुनंच दिसलं, मधले दिवस चुकल्यासारखे वाटलेच नाहीत. आणि एक तक्रारही नोंदवून ठेवतो. अक्कांनी नेलेली माझी छत्री आजतागायत परत आलेली नाही.

वाट मोकळी झाल्यावर नेल्लिपट्टीच्या लोकांनी ठरवलं, की धारेवर एक नवी सुमैतांगी घालायची आणि तिला टीचरम्मांचं नाव द्यायचं. गावची चार माणसं ते विचारायला चेन्नईला अक्कांच्या घरी आली होती, मी तिथेच होतो. अक्कांनी त्यांना इडल्या वाढल्या आणि म्हणाल्या, "मी जिवंत आहे रे बाबांनो, आणि मला तर बसायला खुर्ची आहे. दगड घालायचाच तर कुप्पम्माच्या थोरलीच्या नावाने घाला. आता तो उभा राहील."

तसा तो घातला. कुप्पम्माने जागा स्वतः निवडली, जुन्या गावाच्या खांद्यावर, जिथून दोन्हीकडचं दिसतं. गेल्या पावसाळ्यात धाकटीला कळा सुरू झाल्या. माणसांनी तिला धारेने खाली नेलं, पायथ्याला जीप उभी होती, आणि पोळूरच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. पाऊस उघडल्यावर त्या परत वर निघाल्या तेव्हा अक्का आणि मी बरोबर होतो. धाकटी जीपमध्ये होती. कुप्पम्मा मात्र नातीला छातीशी धरून चालत येत होती, कोणाचं ऐकत नव्हती. थोरलीच्या दगडापाशी ती थांबली. पदर दुमडून त्या आडव्या दगडावर अंथरला आणि बाळाला त्याच्यावर निजवलं. हात बाळावरून काढला नाही, पण भार सगळा दगडावर दिला. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तुझी मावशी ग ही," आणि बाळाला परत उचलून चालू लागली. अक्का डोळे पुसून तिच्या पावलांमागून चढू लागल्या.

रुक्माक्का, या डोंगरांत अजून कितीतरी धारा आहेत ज्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहिलेलं नाही, आणि ज्यांच्या खाली कोणीतरी ओढा उतरायची वाट बघत बसलेलं आहे. तुमच्या गुडघ्यांना बळ राहो, डोळ्यांना नजर राहो, आणि तुमच्या प्रश्नांनी आम्हाला असंच पंगतीत उपाशी ठेवावं. तुम्हाला निरोगी, लांबलचक, चढाचढाचं आयुष्य लाभो, हे मागणं मी आम्हा सगळ्यांच्या वतीने, तुमच्या मागोमाग धापा टाकत, मागतो.